साडेसहा लाखांची मास कॉम: मंजुरीपासून बेबाकी दाखल्यापर्यंत

माझं शैक्षणिक कर्ज ३ एप्रिल २०२५ ला फिटलं. कागदोपत्री ते खरोखर संपायला जुलै उजाडला. मधल्या आठ वर्षांत ‘मास कॉमला कर्ज काढून जाऊ का गं ताई?’ असं विचारणारे पंधरा तरी फोन आले असतील. प्रत्येकाला काहीतरी अर्धवट सांगून मी फोन ठेवला, कारण माझाच हिशेब अजून मिटला नव्हता. आता मिटलाय, म्हणून तारखा-आकड्यांसकट लिहून काढते.

२०१७ साली मी कराडला बी.ए. संपवत होते, विषय मराठी. बाबा एसटीत कंडक्टर, आई घर सांभाळून बचत गट चालवते. पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाची, म्हणजे सगळे ज्याला ‘रानडे’ म्हणतात त्याची प्रवेश परीक्षा दिली होती. तिथली फी खासगी संस्थांच्या मानाने नगण्य. यादीत नाव आलं नाही. पुण्यातल्याच एका खासगी संस्थेत मात्र एम.ए. मास कम्युनिकेशनला निवड झाली आणि २४ मे रोजी पत्र आलं. दोन वर्षांची फी ५,६०,०००, हॉस्टेल आणि मेस धरून आणखी १,६०,०००. एकूण ७,२०,०००. बाबांचा तेव्हाचा वर्षाचा पगार अडीच लाखांच्या थोडा वर.

त्या रात्री बाबांनी ड्यूटीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. संस्थेच्या माहितीपत्रकात सरासरी पॅकेज ४ लाख ८० हजार छापलं होतं. भागिले बारा, चाळीस हजार. आईच्या ओळखीच्या एका बँकवाल्या काकांनी फोनवर सांगितलं की हप्ता साडेआठ हजारांच्या आसपास बसेल. चाळीसातून साडेआठ गेले की साडेएकतीस उरतात, आणि बाबांना तेव्हा हातात त्याच्या निम्म्याच्या थोडे वर मिळत होते. बाबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘मग झालं की!’

त्या पानावर दोन चुका होत्या, पण त्या आम्हा तिघांनाही दिसल्या नाहीत. सरासरी म्हणजे सगळ्यांना तेवढे मिळतात, असं आम्ही धरून चाललो. वर्गातल्या दोघातिघांना मोठ्या पीआर कंपनीत दहा-बारा लाख मिळाले की सरासरी फुगते आणि मधला मुलगा होता तिथेच राहतो. दुसरी चूक अशी की पॅकेज म्हणजे पगार नव्हे. ते पुढे पहिल्या पगाराच्या चिठ्ठीने शिकवलं.

जागा पक्की करायला १० जूनच्या आत साठ हजार भरायचे होते. कर्ज इतक्या लवकर मिळत नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने तिच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि पैसे आणून दिले. कर्ज काढून शिकणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं: प्रवेशाची मुदत आणि बँकेची मंजुरी यांत दीड-दोन महिन्यांचं अंतर पडतं, आणि ते अंतर घरच्या कुणाच्या तरी दागिन्यांवर निघतं.

२९ मे रोजी ‘विद्यालक्ष्मी’ पोर्टलवर अर्ज भरला. एकच अर्ज आणि तीन बँका निवडता यायच्या, ही सोय चांगली होती. पण अर्ज ऑनलाइन गेला म्हणजे काम झालं, असं समजून मी आठ दिवस घरी बसले, ते वाया गेले. शेवटी तिन्ही शाखांत स्वतःच गेले. पहिल्या शाखेत सांगितलं की तुमचा पत्ता आमच्या सेवा क्षेत्रात येत नाही. या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. मी तो कागद छापूनच नेला होता. साहेबांनी तो वाचला, पेपरवेटखाली ठेवला आणि म्हणाले, ‘बघतो.’ बारा दिवसांनी पोर्टलवर अर्ज नामंजूर दिसला. दुसऱ्या शाखेने तारण म्हणून एलआयसीची पॉलिसी मागितली. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पत हमी योजना आहे, तारण लागत नाही, असं म्हटल्यावर ‘ते वरच्यांनी ठरवायचं, आम्हाला रिकव्हरी बघावी लागते’ असं उत्तर आलं.

तिसरी शाखा आईच्या बचत गटाची. तिथल्या मॅनेजर मॅडम आईला नावाने ओळखत होत्या, कारण गटाचा हप्ता सात वर्षांत एकदाही चुकला नव्हता. मला मार्क किती पडले हे त्यांनी नंतर विचारलं. कर्ज माझ्या नावाने निघालं, पण ते आईच्या गटाच्या पासबुकावर मिळालं, असं मला आजही वाटतं.

कागद लागले ते असे: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, निवडीचं पत्र, संस्थेच्या लेटरहेडवर वर्षवार फी, आमच्या दोघांचं आधार-पॅन, बाबांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि फॉर्म १६, सहा महिन्यांचं खात्याचं स्टेटमेंट आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखल्याला सेतू केंद्रातून अर्ज, मग तलाठ्यांचा अहवाल, मग सही. जूनमध्ये अकरावीपासून इंजिनीअरिंगपर्यंत सगळ्यांना तोच दाखला हवा असतो. माझा सतरा दिवसांनी आला. एप्रिलमध्येच काढून ठेवला असता तर दोन खेपा वाचल्या असत्या. संस्थेचं फीचं पत्र मागताना मी एक गोष्ट विसरले, ती तुम्ही विसरू नका. अभ्यासाला लागणारा लॅपटॉप, उपकरणं, प्रकल्पाचा प्रवास हाही खर्च कर्जाच्या अंदाजात धरता येतो. मास कॉमला कॅमेरा लागतोच. पुढे तो मी मित्राकडून सेकंडहँड घेतला, ३८,००० रुपयांना, तेही हप्त्याने.

चार लाखांच्या वरच्या कर्जाला पाच टक्के वाटा आपण घालायचा असतो. आम्ही सत्तर हजार घरचे धरले आणि साडेसहा लाख मागितले. मंजुरी ४ ऑगस्टला आली. दर साडेदहा टक्के, मुलगी म्हणून अर्धा टक्का सूट, म्हणजे दहा. करारावर सह्या करायला बाबा रजा टाकून आले. विद्यार्थ्यासोबत पालक सहकर्जदार असतात, त्यामुळे प्रत्येक पानावर दोन सह्या. बाबांच्या सत्तावीस झाल्या. त्यांनी मध्येच विचारलं, ‘वाचायचं का सगळं?’ आणि क्लार्कने मान वर न करता ‘वाचा की’ म्हटलं. वाचलं नाही. स्टॅम्प, झेरॉक्स, एसटीचा पास असूनही झालेला रिक्षाचा खर्च, सगळं मिळून २,३०० रुपये गेले.

एक लढाई मी तिथेच हरले. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षण सुरू असतानाचं आणि त्यानंतरच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, अशी योजना आहे. ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. शाखेचं म्हणणं, एम.ए. आहे म्हणजे व्यावसायिक नाही. संस्थेचं म्हणणं, आमचा अभ्यासक्रम शंभर टक्के व्यावसायिक आहे. पण तसं लेखी मागितलं की कार्यालयात साहेब नसायचे. मी तीनदा विचारून गप्प बसले. गप्प बसण्याची किंमत १,३८,००० रुपये निघाली, ती कशी ते पुढे येईलच. आज अर्ज करणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे, पण ठरावीक दर्जेदार संस्थांच्या यादीतच. सुरुवातीला ती यादी ८६० संस्थांची होती. माहितीपत्रक उघडण्याआधी ती यादी उघडा.

१४ ऑगस्टला पहिला हप्ता, १,७५,०००, थेट संस्थेच्या खात्यात गेला. पुढचे तीन सत्रागणिक: जानेवारीत दीड, जुलैत पावणेदोन, २०१९ च्या जानेवारीत पुन्हा दीड. प्रत्येक वेळी बोनाफाइड आणि निकालाची प्रत घेऊन शाखेत जावं लागतं. आपोआप काही जात नाही.

दोन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. शिकले, भरपूर शिकले. आवाज संपादित करायला, बातमीचं शीर्षक सहा शब्दांत बसवायला आणि समोरच्याला उलटा प्रश्न विचारायला. फक्त इंटर्नशिपचं सांगते. मुंबईत दोन महिने, बिनपगारी. दादरला कॉट बेसिसवर राहणं, लोकलचा पास आणि खाणं मिळून २२,००० गेले. हा खर्च कुठल्याही फी-पत्रकात नसतो.

मे २०१९ मध्ये अभ्यासक्रम संपला. कॅम्पसला आलेल्या कंपन्यांत माझं काही जमलं नाही. जुलैत पुण्यातल्या एका वृत्त संकेतस्थळावर ट्रेनी कॉपी एडिटर म्हणून लागले. पॅकेज २ लाख ४० हजार. मी घरी फोन करून ‘वीस हजार’ सांगितलं. पहिल्या महिन्याच्या अखेरीस खात्यात सोळा हजार दोनशे आले. वीस हजारांतून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आधीच वजा, माझ्या वाट्याचा आणखी १,८००, आणि व्यवसाय कर २००. फेब्रुवारीत तोही ३०० होतो.

वर्गात पत्रकारांचे पगार ठरवणारं मजिठिया वेतन मंडळ शिकवलं होतं. २०११ मध्ये अधिसूचित, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेलं. परीक्षेत त्यावर मी दोन पानं लिहिली होती. ते वर्तमानपत्रं आणि वृत्तसंस्थांना लागू, संकेतस्थळाला नाही, हे मात्र ऑफर लेटरवर सही केल्यानंतर डोक्यात शिरलं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर रानडेतून आलेला एक मुलगा होता. काम तेच, पाळी तीच, पगार तोच. त्याच्यावर कर्ज नव्हतं. तो दुपारी कँटीनमध्ये थाळी घ्यायचा आणि मी डबा उघडायचे, एवढाच काय तो फरक दिसायला होता.

दिवाळीनंतर मी एक उद्योग केला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न लिहिता हातात येणारा पगार टाकायचा फॉर्म फिरवला. अडतीसपैकी एकतीस जणांनी भरला. आकडे चढत्या क्रमाने लावले, मधला निघाला १९,५००. सरासरी त्याहून बरीच वर होती, कारण दोघी कॉर्पोरेट कम्युनिकेशनमध्ये गेल्या होत्या. हा फॉर्म मी माझ्या प्रवेशाआधी, दोन वर्षं सीनियर असलेल्या बॅचला पाठवायला हवा होता. लिंक्डइनवर सीनियर सापडतात, नीट विचारलं तर सांगतात. ‘पॅकेज किती’ असं विचारू नका. ‘दर महिन्याला खात्यात किती जमा होतात आणि घरून किती मागवावे लागतात’ हे विचारा. बँकेचा हप्ता नोकरीच्या पहिल्या वर्षातल्या पगारातून जातो, आणि आमच्या क्षेत्रात तोच पगार सगळ्यात कमी असतो. चौथ्या-पाचव्या वर्षी बरं दिसतं, पण तोवर तगायचं असतं.

अभ्यासक्रम अधिक एक वर्ष, अशी परतफेडीला सवलत होती. ती मे २०२० मध्ये संपत होती. एप्रिलमध्ये टाळेबंदीचं कारण देऊन कंपनीने तीस टक्के पगार कापला. हातात साडेअकरा हजारांच्या आत. जूनपासून हप्ता सुरू होणार होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, मी अर्ज केला. व्याज थांबत नाही हे माहीत होतं, पण इलाज नव्हता. सवलतीच्या काळात साधं व्याज साचत होतं. मे अखेरीस ते १,३८,००० झालं होतं आणि ते मुद्दलात मिसळलं. टाळेबंदीचे तीन महिने धरून १ सप्टेंबर २०२० ला माझ्या नावावर ८,०८,००० होते. मी घेतले होते साडेसहा. नोव्हेंबरमध्ये सरकारने व्याजावरचं व्याज परत केलं, त्याचे आठशेच्या आसपास रुपये जमा झाले. बँकेचा मेसेज मी दोनदा वाचला, एखादं शून्य राहिलंय का म्हणून.

बँकेने दहा वर्षांची मुदत टाकली होती. मी शाखेत जाऊन पंधरा करून घेतली. हप्ता ८,३१६ झाला, तेव्हाचा दर सव्वानऊ. पंधरा वर्षांचे हप्ते जोडले तर १४ लाख ९७ हजार होतात. ते मी मोबाइलवर गुणून पाहिलं आणि आईला सांगितलं नाही. तरीही मुदत वाढवण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. हप्ता लहान ठेवायचा आणि जमेल तेव्हा जास्त भरायचं. हप्ता मोठा ठेवून एक जरी चुकला तरी जास्त महागात पडतं. एखाद्या व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, हे २०१४ पासून रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेलं आहे.

पहिल्या हप्त्याच्या ८,३१६ पैकी ६,२२८ व्याजात गेले. बाबा महिन्याला चार हजार पाठवत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी एका जाहिरात एजन्सीत कंटेंट रायटर झाले, हातात सव्वीस हजार. बातमी सोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बातमीने हप्ता जात नव्हता. बाबांना म्हटलं, आता पाठवू नका. त्यांनी तरी पाठवले.

मग २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. घरात पगार नाही. मी घरी पैसे पाठवायला लागले आणि रात्री ओटीटीच्या मालिकांची मराठी सबटायटल्स करायला घेतली. दर मिनिटाला पैसे मिळतात. चाळीस मिनिटांच्या भागाला मला सुरुवातीला सहा तास लागायचे. ‘शिट’ला मराठीत काय लिहायचं, यावर एकदा पाऊण तास गेला. डिसेंबरमध्ये ते पैसे उशिरा आले आणि पाच तारखेचा हप्ता परत गेला. दोन्ही बँकांचा दंड मिळून सहाशेच्या आत, जानेवारीत दोन हप्ते एकदम भरले. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं: मार्चमध्ये बाबा कराडला जुन्या मोपेडच्या बदल्यात गाडी घ्यायला गेले, तर कर्ज नाकारलं. चुकलेला हप्ता त्यांच्याही सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटला होता. सहकर्जदार या शब्दाचा अर्थ तेव्हा आम्हाला कळला. बाबा एवढंच म्हणाले, ‘मोपेड चालतीय अजून.’

जून २०२२ मध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीत यूएक्स रायटर म्हणून लागले. ॲपमधल्या बटणांवर, चुकांच्या संदेशांवर काय लिहायचं ते ठरवायचं काम. हातात ४८,०००. पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांनी मी त्या माहितीपत्रकातल्या सरासरीच्या वर पोचले, तेही माहितीपत्रकात नाव नसलेल्या कामात. मास कॉमचा उपयोग झाला का? झाला. निवडताना त्यांनी माझी सहा शब्दांची शीर्षकंच पाहिली. पण तीच गोष्ट मी कमी फीच्या ठिकाणी शिकले असते, हेही खरं.

जुलैत कर्जाचं स्टेटमेंट काढलं. बावीस हप्ते, मिळून १,८३,००० भरले होते. शिल्लक ७,५८,०००. म्हणजे मुद्दल फक्त पन्नास हजारांनी कमी. त्यातच दर पावणेदहा झाला होता. हप्ता तेवढाच होता, म्हणून मी बेफिकीर होते, पण उरलेले हप्ते १५८ चे १६७ झाले होते. दर वाढला की बँका बऱ्याचदा हप्त्याला हात लावत नाहीत, मुदत लांबवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की अशा वेळी ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडू द्यावं. तोपर्यंत मला विचारलं नव्हतं. वर्षातून एकदा स्टेटमेंटचं शेवटचं पान बघत जा.

त्याच महिन्यापासून दहा हजार जास्तीचे भरायला सुरुवात केली. पहिले दोन महिने ते ‘आगाऊ हप्ता’ म्हणून पडून राहिले, मुद्दलातून वजा झालेच नाहीत. शाखेत लेखी अर्ज दिला, ‘जादा रक्कम मुद्दलात वळती करावी’, पोच घेतली, मग दुरुस्त झालं. एप्रिल २०२३ पासून जादा पंधरा, एप्रिल २०२४ पासून वीस आणि त्याच महिन्यात बोनसमधले साठ हजार एकरकमी. दर तोवर दहा पूर्णांक चार झाला होता. हे वाचायला सोपं वाटतं. तीन जणींत एक फ्लॅट, स्कूटर नाही, दोन लग्नांना न जाणं, आणि एकदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जादा रक्कम थांबवून पुढच्या महिन्यात दुप्पट भरणं, असं ते होतं.

आयकरातल्या ८०ई कलमाबद्दल लोक फार बोलतात. शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षं उत्पन्नातून वजा करता येतं. माझ्या बाबतीत पहिली दोन वर्षं कर बसण्याइतकं उत्पन्नच नव्हतं. २०२२-२३ ला सबटायटल्सचे पैसे धरून उत्पन्न वर गेलं, तेव्हा ६९,००० चं व्याज उपयोगी पडलं. पुढच्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत करच नव्हता आणि तिथे ८०ई चालत नाही. त्यामुळे एक वर्ष. ‘कर वाचेल’ म्हणून कुणी कर्ज घ्यायला सांगत असेल तर आपला पगार त्याला विचारा.

मार्च २०२५ च्या शेवटी शिल्लक पंचेचाळीस हजारांवर आली. १ एप्रिलला बँक वार्षिक हिशेबासाठी बंद, म्हणून २ तारखेला गेले. त्या दिवसापर्यंतच्या व्याजासह बंद करायची रक्कम लेखी घ्यावी लागते. ॲपवर दिसणारी शिल्लक भरली तर पन्नास-शंभर रुपये मागे राहतात आणि खातं जिवंत राहतं. ३ तारखेला ४५,२१२ भरले. क्लार्क म्हणाला, ‘बेबाकी दाखल्याला सोमवारी या.’ बेबाकी दाखला म्हणजे काही देणं उरलं नाही, याचा कागद. दंड सोडून एकूण भरलेले १०,७२,५९२. त्यातलं ४,२२,५९२ व्याज.

पाच तारखेला सकाळी मोबाइल वाजला: ८,३१६ रुपये वजा. नेहमीचा हप्ता. खातं बंद, पण हप्त्याची ऑनलाइन सूचना कुणी रद्द केली नव्हती. सोमवारी दाखला घेतला आणि दुसऱ्या खिडकीवर परताव्याचा अर्ज दिला. पैसे २४ एप्रिलला आले. तुम्ही बंद करायला जाल तेव्हा स्वतःच्या बँकेतून ती सूचनाही त्याच दिवशी रद्द करा.

मे महिन्यात माझा सिबिल अहवाल काढला. वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. खातं बंद, शिल्लक शून्य. सहज म्हणून बाबांचा काढला, त्यात कर्ज चालूच दिसत होतं, ४४,००० शिल्लक. ऑनलाइन तक्रार टाकली, दाखल्याची प्रत जोडली. अशा तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लावायचा असतो, नाहीतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. एकोणतिसाव्या दिवशी ‘तक्रार फेटाळली’ असं आलं. पुन्हा टाकली, या वेळी शाखेकडून सहकर्जदाराच्या नावासह नवा दाखला घेऊन. ९ जुलैला दुरुस्त झालं.

त्याच शनिवारी कराडला गेले. दोन्ही अहवाल छापून नेले होते. बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते, गणवेशातच होते. चष्मा लावून दोन्ही कागद चाळले, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, ‘कुठं सही करायची?’

म्हटलं, ‘कुठंच नाही, बाबा.’